गाडीची पायरी

वाचकहो, एखाद्या घरी नवी गाडी येते तेव्हा तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात, आणि शेजारीपाजारी तिचा रंग, तिची किंमत व तिचे ॲव्हरेज यांची आस्थेने चौकशी करतात. त्या गाडीत चढायचे कसे, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणी विचारीत नाही. आमच्याही घरी तो कोणी विचारला नाही, आणि त्यामुळे माझ्या आईचे घराबाहेर पडणे चार महिने थांबले होते, हे मला फार उशिरा कळले.

मी दिल्लीत भाषांतराचे व संपादनाचे काम करते. यंत्रांशी माझा संबंध शब्दांपुरता. तेव्हा मालवाहू गाडीच्या पायरीविषयी मी आपणांस चार गोष्टी सांगाव्यात हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीतील सहा दिवस मी याच एका विषयात घालवले, गाडीखाली सतरंजी टाकून आडवीही झाले, आणि त्यातून जे हाती आले ते पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे असे मला वाटते. आज खेडोपाडी शेतकऱ्याची मालगाडी हीच घरची मोटार असते. केळीही तिच्यातूनच जातात आणि दवाखान्यालाही तिच्यातूनच जावे लागते.

आमचे घर बुऱ्हाणपूरपासून थोड्या अंतरावर आहे. दिल्लीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर इटारसी आणि भुसावळ यांच्यामध्ये, तापीच्या काठी हे गाव येते. राज्य मध्य प्रदेश. पण पलीकडे रावेरला महाराष्ट्र सुरू होतो, आणि दोन्हीकडची माती, केळी व नातीगोती एकच. वडील गेल्यापासून शेती दादा पाहतो. त्याच्याकडे पूर्वी टाटांची 'एस' होती. ही छोटी गाडी २००५ मध्ये बाजारात आली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. नाव हत्तीचे, पण चाके जेमतेम बारा इंचांची. त्यामुळे तिची केबिन जमिनीलगत असे, आणि आई पदर खोचून सहज आत बसे. त्या गाडीतून ती लग्नांना गेली, बाजाराला गेली, एकदा तर वडिलांना घेऊन रात्री इस्पितळात गेली.

गेल्या उन्हाळ्यात दादाने ती विकली आणि मोठी पिकअप घेतली. त्याचे कारण योग्यच होते. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीतील वाटा म्हणजे लोण्यात पाय घालणे. लहान चाके रुततात, माल शेतातच अडकतो, आणि केळीचा घड थांबू शकत नाही. नवी गाडी उंच आहे, जड आहे, चिखलातून ओढून नेते. परंतु जी उंची चिखलाला उपकारक, तीच चढणाऱ्याला अपकारक. मी पुढे टेपने मोजले तेव्हा जमिनीपासून केबिनच्या तळापर्यंत ६४ सेंटिमीटर भरले. घराच्या जिन्याशी ताडून पाहा. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराच्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच असावी लागते, आणि सार्वजनिक इमारतीत १५. म्हणजे जिन्याच्या तीन पायऱ्यांहून अधिक उंची आईने एका पावलात चढावी, अशी आमची अपेक्षा होती. आईचे वय ६८. दोन्ही गुडघ्यांना संधिवात.

यावर दादाने काही केले नव्हते असे नाही. हमरस्त्यावरच्या एका सजावटीच्या दुकानातून त्याने जूनमध्ये दोन्ही बाजूंना चकचकीत नळ्या बसवून घेतल्या होत्या. तीन इंच व्यासाची स्टीलची गोल नळी, तिच्यावर पावलापुरती रबराची एक पट्टी. गाडीला त्यामुळे ऐट आली, हे मी मान्य करते. जुलैच्या एका पावसाळी संध्याकाळी आई शेतावरून परतताना उतरू लागली, तिच्या चपलेला काळी माती होती, पाय पट्टीच्या बाजूला नळीवर पडला आणि घसरला. ती बांधावर बसकण मारून पडली. हाड मोडले नाही. कंबर आठ दिवस दुखली, इतकेच. घरातले सारे ते विसरून गेले.

आई विसरली नाही, पण ती बोललीही नाही. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमा आली. रावेरला माझा थोरला मामा राहतो, वय ७६, काठीवर चालतो. आईने लग्नानंतर एकही राखी चुकवलेली नव्हती. या वेळी तिने पोस्टाने राखी पाठवली आणि पाहुणे येणार आहेत असे कारण सांगितले. पाहुणे आले नव्हते. गणपतीत वहिनीच्या माहेरी जायचे होते, तेव्हा घरात कोणीतरी राहायला हवे असे ती म्हणाली. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा वहिनीने स्वयंपाकघरात हळूच सांगितले, "ताई, आई गाडीला घाबरतात. तुम्ही बोलून बघा. मी विचारलं तर विषय बदलतात."

मी विचारले. आई म्हणाली, "मला कुठे जायचंय आता?" हे वाक्य आपल्यापैकी ज्यांची आई साठी ओलांडून गेली आहे त्यांनी कधी ना कधी ऐकले असेल. ते ऐकून स्वस्थ बसू नये, एवढेच मी म्हणेन.

भाऊबीज पाच दिवसांवर होती. मी ठरवले की आईने त्या दिवशी मामाला ओवाळायचे, आणि तेही स्वतःच्या पायांनी गाडीत चढून. उचलून बसवणे तिला आवडत नाही. तिला दोघांनी काखेत धरून वर घेतले की तिचा चेहरा पडतो.

मग दादाचा आणि माझा वाद सुरू झाला. दादाचे म्हणणे असे की गोल नळी चुकली, हे खरे; तेव्हा तिच्याजागी त्याच दुकानातून चपटी फळी आणू, तीन हजार रुपयांत काम होईल. माझे म्हणणे असे की बाहेरचे सामान पुन्हा नको. कंपनीचीच पायरी घ्यावी, साडेनऊ हजार गेले तरी चालतील. इंग्रजीत या बाहेरच्या सामानाला 'आफ्टरमार्केट' म्हणतात. हा शब्द एकदा माझ्या टेबलावर भाषांतरासाठी आला होता आणि मी त्याला 'विक्रीपश्चात बाजारातील' असे चार हात लांबीचे नाव दिले होते. आमच्याकडचे लोक नुसते 'बाहेरचा' आणि 'कंपनीचा' म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत संशय व भरवसा दोन्ही बरोबर येतात. मी त्या भरवशाच्या बाजूची होते, दादा पैशाच्या. आता मागे वळून पाहता दोघेही अर्धेच बरोबर होतो असे दिसते.

प्रथम मी जुनी नळी कशी बसवली आहे ते पाहिले. पिकअपची रचना मोटारीहून निराळी असते. तळाशी दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, अशी शिडीसारखी चौकट असते. तिलाच चेसिस म्हणतात. केबिन वेगळी आणि मालाचा हौदा वेगळा, असे दोन्ही या चौकटीवर स्वतंत्रपणे बसवलेले असतात, आणि केबिनखाली धक्के शोषण्यासाठी रबराचे गट्टू असतात. खाचखळग्यांतून जाताना चौकट किंचित पिळवटते आणि केबिन आपल्या परीने डोलते. दुकानदाराने आमच्या नळीचे पुढचे टोक दरवाजाखालच्या पत्र्याला आणि मागचे टोक चौकटीला जखडले होते. दोन निरनिराळ्या रीतींनी हलणाऱ्या वस्तूंना एकाच नळीने बांधल्यावर काय होणार? पुढच्या बोल्टभोवती पत्र्याला चीर गेली होती आणि तिच्यातून गंज उतरला होता. आई पडली तेव्हा नळी हाताने हलत होती की नाही, हे आता सांगता येत नाही. मी पाहिली तेव्हा ती हलत होती.

यात दुसरीही एक गोष्ट आहे. साठ किलो वजनाचा माणूस पायरीवर उभा राहिला म्हणजे बोल्टावर साठ किलोचाच भार पडतो असे नाही. पायरी बोल्टापासून जितकी बाहेर, तितका तो भार तरफेप्रमाणे वाढतो; आणि माणूस चढताना रेटा देतो तो आणखी वेगळा. हा भार पातळ पत्र्याने सोसावा अशी अपेक्षा करणे चूक आहे. पायरी चौकटीलाच हवी, आणि तीही चौकटीत कारखान्याने ठेवलेल्या भोकांतून बोल्टाने. तुळईच्या वरच्या वा खालच्या कडेला नवे भोक पाडू नये किंवा तेथे वेल्डिंग करू नये, असे वाहन बनवणारेच सांगतात. कारण सगळा ताण त्या कडांवर असतो आणि तापवलेले पोलाद पहिल्यासारखे राहत नाही. गाडीवर कोठेही वेल्डिंग करायचे झाले तर बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात, नाहीतर आजकालच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळण्याचा धोका असतो.

दादाला हे पटले, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आम्ही कंपनीच्या विक्रेत्याकडे गेलो. तेथील तरुणाने आम्हांला सामानाची छापील पुस्तिका दिली. चित्रातल्या पायरीवर एक धिप्पाड तरुण पाय ठेवून क्षितिजाकडे पाहत होता. मजकूर मी सवयीने वाचला. पायरीमुळे गाडीला दणकट रूप येते, गाडीच्या बाजूंचे रक्षण होते, रंग गाडीशी जुळतो, असे सगळे होते. ती जमिनीपासून किती उंच आहे, हे कोठेही नव्हते. मी टेप काढला. दालनात उभ्या असलेल्या गाडीची पायरी ४२ सेंटिमीटरवर भरली. बांधणी उत्तम, कंस जाड, जोड थेट चौकटीला, फळीला खरखरीत नक्षीचा पत्रा. पण ४२ सेंटिमीटर! जिच्यासाठी पायरी घ्यायची ती पहिल्या पावलालाच अडणार होती.

मी विचारले, ही खाली घेता येईल का? तो म्हणाला, येईल. मागणी नोंदवली तर लांब कंसाची पायरी कारखान्याच्या मान्यतेने करून मिळते, दहा सेंटिमीटर खाली, सहा आठवडे लागतील. हीच ती 'आपल्या मापाची' कंपनीची पायरी. दहा सेंटिमीटर का, बारा का नाही, कोणाच्या मापाने, हे त्याला सांगता आले नाही. त्याचा दोष नव्हता; त्याला कोणी विचारलेच नसावे. आणि मलाही विचारण्याचा फारसा अधिकार नव्हता, कारण आईला किती उंची चालते, हे तोवर मीही मोजले नव्हते.

परतताना मला दिल्लीची एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी आई हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आली होती. दिल्लीच्या शहर बसगाड्यांपैकी ज्या सखल तळाच्या आहेत, त्यांचा तळ रस्त्यापासून ४०० मिलिमीटर असतो. थांब्यावरचा पदपथ रस्त्याहून हातभर नसला तरी वीतभर उंच असतो, आणि बस त्याला लागून उभी राहिली की वर चढायला थोडेच उरते. आई त्या बसमध्ये कोणाचाही हात न धरता चढत असे. म्हणजे सगळा दोष गुडघ्यांचा नव्हता.

घरी येताच मी अंगणात विटा मांडल्या. एक वीट, तिच्यावर आई भिंतीला हात लावून चढली. दोन विटा. तीन विटा. चौथ्या विटेला तिने पाय उचलला, थांबली आणि खाली ठेवला. "एवढं नको," ती म्हणाली, आणि मग हसत, "वधू पाहतेस का माझी उंची मोजून?" तीन विटांची उंची मी मोजली. २३ सेंटिमीटर भरली. चार महिने आम्ही जे विचारीत होतो त्याचे उत्तर तीन विटांत होते.

वाचकहो, माणसाच्या पायासाठी वाहनाला पायरी असावी ही कल्पना काही नवी नाही. बुऱ्हाणपूरच्या टांग्यांना लोखंडी पायदान असे. ते खाली लोंबत असे आणि नऊवारी नेसलेली बाईही त्यावर पाय देऊन चढत असे. मोटारी निघाल्या तेव्हा घोडागाड्यांचेच हे पायदान लांब फळी होऊन दोन्ही बाजूंना आले. पुढे मोटारींची अंगे रुंद व सखल झाली आणि फळी अनावश्यक ठरली. १९३६ ची अमेरिकन कॉर्ड ८१० ही मोटार फळी नसल्याबद्दल प्रसिद्ध आहे. उंच गाड्यांवर ती फळी आज परतली आहे, पण पुष्कळदा दागिना म्हणून. टांग्याच्या पायदानाला शोभा नव्हती. ते फक्त योग्य उंचीवर होते.

आता आम्हांला २३ सेंटिमीटरवर एक पायरी हवी होती. दादाने लगेच अडचण काढली, आणि ती खरी होती. इतक्या खाली लोखंड लोंबले तर शेताच्या पहिल्याच बांधावर ते आपटून वाकेल आणि बरोबर चौकटीचे बोल्टही ओढील. सहा आठवड्यांची कंपनीची पायरीसुद्धा या कारणाने फार खाली येणे शक्य नव्हते.

तोड निघाली ती एका वृद्ध मिस्तरींकडे. त्यांना सारा भाग 'चाचा' म्हणतो. पाडव्याला बाजार बंद होता, त्यांचे गॅरेज उघडे होते. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले, एक विडी ओढली, आणि म्हणाले की मोठ्या ट्रकांची आणि कापणीयंत्रांची सगळ्यात खालची पायरी पाहिली आहे का? ती लोखंडाने नव्हे, रबराच्या पट्ट्यांनी किंवा तारदोराने टांगलेली असते. धोंडा लागला की मागे झुकते आणि पुन्हा जागेवर येते. मी अशा शेकडो ट्रकांच्या बाजूने गेले असेन. ते कधी लक्षात आले नव्हते.

तेव्हा असे ठरले. कंपनीची ४२ सेंटिमीटरची पायरी तिच्या मूळ कंसांसह घ्यायची, फक्त डाव्या बाजूला. ती विक्रेत्याकडे शिल्लक होती व चौकटीच्या तयार भोकांत बसली. तिच्याखाली चाचांनी दुसरी एक पायरी टांगायची. यासाठी त्यांनी भंगारातून कन्व्हेयरचा जाड पट्टा आणला, ज्याच्या रबरात कापडाचे थर असतात. पायरीला चेकर पत्रा, पाण्याला वाट म्हणून त्यात भोके, आणि कडेला पिवळा रंग, म्हणजे संधिप्रकाशातही दिसावी.

पहिल्या प्रयत्नात पायरी फसली. आईने तिच्यावर पाय दिला आणि पायरी गाडीखाली आत झुलली, जशी झोपाळ्याची फळी मागे सरते. आईने तत्काळ पाय काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिले. माझा धीर खचला. चाचा मात्र खाली वाकून पट्ट्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, चूक माझी. पट्टा जिकडे सपाट तिकडे वाकतो, कडेच्या दिशेने वाकत नाही. त्यांनी पट्ट्यांची सपाट बाजू रस्त्याकडे ठेवली होती. ती पाऊण तासात काढून काटकोनात फिरवली. आता पायरी पुढेमागे झुकते, म्हणजे बांध लागला तर मागे जाते, पण पाय दिल्यावर आत सरत नाही. इतकी साधी गोष्ट! तिच्यासाठी त्यांनी एकूण १८०० रुपये घेतले आणि चहा आपल्याच पैशाने पाजला.

चढणीचे गणित असे झाले: जमिनीपासून २३, तेथून १९, तेथून २२. खालची पायरी वरचीपेक्षा चार बोटे बाहेर ठेवली, म्हणजे शिडी न राहता जिना झाला. आमच्या गाडीचा हौदा केबिनहून रुंद आहे, त्यामुळे बाहेर काढलेली पायरीसुद्धा हौद्याच्या रेषेच्या आतच राहिली. हे पाहणे आवश्यक आहे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करू नये, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले आहे, आणि पुढे लावले जाणारे लोखंडी रक्षक दांडे तर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच अवैध ठरवले. बाहेर आलेली पायरी शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या घोट्याला लागते, हे तर कायद्यावाचूनही कळते. आपल्या गाडीविषयी शंका असल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती, ती वहिनीने सुचवली: हात कशाला धरायचा? काचेशेजारच्या खांबाला कंपनीने एक मूठ दिलेली होती, पण ती उजव्या हाताला सोयीची. डावा हात दरवाजाला जात होता, आणि दरवाजा तर हलतो. चाचांनी केबिनच्या मागच्या खांबाला दुसरी मूठ बसवली. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार सतत राहिले पाहिजेत, हे ट्रकवाल्यांचे जुने शहाणपण आहे. उतरताना गाडीकडे तोंड करून, मागच्या पावलांनी उतरावे. आई जुलैत रस्त्याकडे तोंड करून उतरली होती. आपण सगळेच तसे उतरतो.

पाडव्याच्या संध्याकाळी तिने अंगणात सहा वेळा चढून उतरून पाहिले. मी मोजत होते, हे तिला कळले आणि सातव्या वेळी ती उतरलीच नाही, बसून राहिली आणि दादाला म्हणाली, "वेशीपर्यंत चक्कर मार."

भाऊबीजेला आम्ही तिघे रावेरला निघालो. आईच्या मांडीवर ताटाचे गाठोडे होते. एका गतिरोधकावर खालच्या पायरीने टक् असा आवाज केला; दादा थांबून पाहू लागला, तर पायरी जागच्या जागी आली होती. त्याने आईला विचारले, अजून एक बोट वर घेऊ का? आईने नको म्हटले.

मामाने ओवाळून घेतले, ताटात नोट टाकली, आणि दुपारी जेवण झाल्यावर काठी टेकीत गाडीपाशी आला. खालच्या पायरीला त्याने काठीने दोनदा ढोसून पाहिले, पट्टा हाताने दाबला, हे कोणी केले म्हणून विचारले. मग काठी माझ्या हातात देऊन त्याने दोन्ही मुठी धरल्या आणि एक, दोन, तीन करीत वर जाऊन बसला. "चार दिवस येतो बहिणीकडे," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली तुमचं घर पाहून."

आमच्या गाडीच्या नोंदणीपत्रात चालकासह तीन माणसांची नोंद आहे. आई मधल्या जागेवर सरकली. मामाची पिशवी मामीने खिडकीतून आत दिली, मी काठी दिली, आणि ते तिघे निघून गेल्यावर मी रावेरच्या बसस्थानकावर जाऊन बुऱ्हाणपूरची गाडी पकडली.